कोरडं बाथरूम

अकोल्याला माझ्या सासरी नवं बाथरूम झालं, तेव्हा सासूबाई आल्यागेल्याला ते हौसेनं दाखवत. भिंतीला टांगलेला कमोड, हात पुढे केला की आपोआप सुरू होणारा नळ, अंघोळीच्या जागेभोवती काच. दीर जर्मनीत असतो. त्याच्याकडे पाहून आलेलं सगळं. तिकडे म्हणे बाथरूमची फरशी कोरडीच असते. म्हणून आमच्याकडेही काचेबाहेर थेंब सांडायचा नाही, असा नियम झाला. मी तो मुकाट पाळला.

माझं माहेर दर्यापूरजवळचं, फुलांच्या शेतीचं. गेल्या हिवाळ्यात मायच्या गुडघ्याचं ऑपरेशन अकोल्यात झालं. डॉक्टरांनी बजावलं, "उकिडवं बसायचं नाही. कमोडच लागेल." गावच्या घरी कमोड नव्हता, म्हणून टाके निघेपर्यंत मी तिला सासरीच आणलं.

मी शाळेत शिकवते. पहिल्या दिवशी निघण्याआधी तिला आत नेऊन सगळं दाखवलं. ती हसली. "बाप्पा! नळाले हात दाखवा लागते?"

टाके ओले करायचे नव्हते, म्हणून ती बादलीत गरम पाणी घेऊन अंग पुसायची आणि मग सगळी फरशी धुऊन काढायची. धुतल्याशिवाय तिला ते स्वच्छ वाटतच नसे. सासूबाई माझ्यासमोर काहीच बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरलेलाच होता. चहाही नको म्हणाली. "तहानच नाही लागून राहिली." मला वाटलं, गोळ्यांमुळे असेल.

चौथ्या दिवशी शाळा लवकर सुटली. घरी आले तर माय मागच्या अंगणात, वॉकर धरून जुन्या संडासाच्या पायऱ्यांशी उभी. तो संडास धुणंभांडी करणाऱ्या बाईंसाठी ठेवलेला. आत डोकावले, तर भांड्यावर मधे भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची.

"माय, इकडं काहून?"

"अवं, मोकळं वाटते मले इकडं."

"खरं सांग."

तिनं मान खाली घातली. "इहीनबाई म्हने, तुमाले आतल्याची सवय नाई, तुमची पंचाईत होते, मांगचंच बरं. पायऱ्या चढा लागते, म्हून पानी कमी पेतो."

मी तशीच स्वयंपाकघरात गेले.

"वाईट काय केलं मी?" सासूबाई म्हणाल्या. "खुर्ची मुद्दाम मागवली. रोज सगळं ओलं होतं, घसरल्या असत्या तर?"

"आणि पायऱ्यांवरून पडली असती तर?"

"अगं, आपल्याकडची पद्धत वेगळी आहे, एवढंच. त्यांना सवय नाही."

सवय! "तुम्हाला तरी कुठे होती, आई? तुम्ही त्या नळाला फिरवायची चावी शोधत होतात!"

त्यांचा चेहरा पडला. नवरा वकील. आवाज ऐकून तो आत आला आणि म्हणाला, "दोन्ही बाजू समजून घ्यायला हव्यात."

"इथे बाजू नाहीत. माझी आई आहे. दोन दिवस ती तहानेली राहिली तुमच्या फरशीसाठी."

त्या संध्याकाळी मी मायला आत नेलं, हवं तेवढं पाणी ओतू दिलं आणि दाराबाहेर उभी राहिले. कुणी फिरकलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ती हट्टाला पेटली, घरीच जातो म्हणाली. भावानं गावी घाईनं कमोड बसवून घेतला आणि दोन दिवसांनी गाडी घेऊन आला. निघताना मायनं हात जोडले. "इहीनबाई, माह्यापाई लय तरास झाला तुमाले."

"छे, छे, आपलंच घर आहे," सासूबाई म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. पोचवायला मीही निघाले. गाडीत मी मायवरच ओरडले, "तू काहून माफी मांगतली?"

"तुले रायाचं हाये तिथं," ती म्हणाली.

राग सासूबाईंचा होता, मायचा होता आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. ज्या बाई इतकी वर्षं आमची भांडी घासून त्याच पायऱ्या चढत होत्या, त्यांच्यासाठी मला एकदाही संताप आला नव्हता. माझी आई तिथे उभी दिसली, तेव्हा आला.

परतल्यावर मी भांडी घासणाऱ्या बाईंना म्हटलं, "आजपासून आतलं वापरा."

त्यांनी पटकन स्वयंपाकघराकडे पाहिलं. "नको मॅडम. मोठ्या बाई रागावतील."

"रागावू द्या."

त्या कसनुशा हसल्या आणि चप्पल घालून मागच्या दारानं त्याच पायऱ्यांकडे गेल्या.