नारळ मालकिणीच्या हातचा

मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस. पण समुद्रातलं मला कोणी काही शिकवायची वेळ आली नाही, म्हणून मान जरा ताठच. आमच्या पाचूबंदरात कोळणींनी बचत गट काढला आणि माझ्या बायकोला अध्यक्ष केलं, तेव्हा मीच नाक्यावर म्हणालो होतो, "बाजारातला गोंगाट आता खुर्चीवर बसला."

त्याच पावसाळ्यात, बोट वर ओढलेली असताना इंजिन उघडलं, तर ते कायमचं गेलेलं. नारळी पौर्णिमेला सगळ्यांच्या बोटी निघणार आणि माझी वाळूत. बायकोला म्हटलं, "तूच अध्यक्ष. टाक सही, घे कर्ज."

"कर्ज बाईच्या नावावर. आणि कर्ज कशाला हवं ते नवऱ्याने मंगळवारच्या सभेत येऊन सोताच्या तोंडाने सांगायचं. तुमच्यासाठी नियम बदलू काय?"

दोन मंगळवार मी गेलो नाही. पौर्णिमेला आठ दिवस उरले, तेव्हा गेलो.

मला बघताच बायको खुर्चीवरून उठली. "माझ्या घरचा अर्ज. मी बाहेर बसते." आणि खरंच ओट्यावर जाऊन बसली. कारभार शेजारच्या वहिनीने हातात घेतला.

"काय भावजी, गोंगाट ऐकायला आलात?"

चटईवरच्या सगळ्या खिदळल्या. मी इंजिनाचं सांगितलं.

"दारू?"

"तीन पावसाळे शिवलो नाय."

"साक्षीला कोण?"

"ती काय बाहेर बसलीय, विचारा!"

"अध्यक्षबाईंना या अर्जावर बोलता येत नाय."

ओट्यावर बायको पदर तोंडाला लावून हसत होती. मी तणतणत उठणार, तेवढ्यात मागून एक कोळीण ओरडली, "मी सांगते! माझा नवरा रोज यांच्या नावाने शिव्या घालतो. प्यायची सोबत सोडली म्हणतो!"

सगळे हात वर गेले. शिव्या खाल्ल्याचा इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

इंजिन आलं. पावतीवर नाव बायकोचं.

पौर्णिमेला बोटीवरून पहिला नारळ मालक सोडतो. आधी माझा बाप सोडायचा, मग मी. त्या दिवशी सोनेरी कागद लावलेला नारळ मी बायकोच्या हातात दिला.

ती बघतच राहिली. "मी?"

"नियम आहे," मी म्हणालो. "पण फेकायचा नाय. वाकून, हळू पान्यावर ठेवायचा. एवढं तरी माझ्याकडून शीक."

"शिकवा की," ती म्हणाली, आणि तोल जाऊ नये म्हणून तिने माझा खांदा घट्ट धरला.