बेसमेंटमधली पिवळी पानं

जनार्दन मेश्राम तीस वर्षं नागपूरकडे कृषी सहायक होते. संत्र्याचं पान नुसतं बोटांत धरून ते बागेचं दुखणं सांगायचे. कॅनडात ग्वेल्फला लेकीकडे राहायला आले आणि कळलं, जावयानं बेसमेंटमध्ये गांजाची चार झाडं लावलीत. इथल्या कायद्यात बसतं म्हणे. बसू दे! ज्यांच्या घरात कधी बिडी पेटली नाही, त्यांच्या लेकीकडे हे धंदे? दोन महिने ते त्या जिन्याकडे फिरकले नाहीत.

मग एका रविवारी जावई, निहार, मूठभर पिवळी पानं घेऊन समोर उभा राहिला. "बाबा, खत वाढवलं तरी पिवळीच पडताहेत." पानं पाहिली आणि म्हाताऱ्याला राहवेना. खाली जाऊन त्यांनी आधी एक कुंडी उचलून पाहिली. धोंड्यासारखी जड!

"ही उपाशी नाहीत रे, बुडालीत. मुळांना श्वास मिळेना. रोज पाणी कोण ओततं?"

"मी तर चार दिवसांनी घालतो."

मागोमाग आलेल्या इंदुमतीबाईंनी, जनार्दन यांच्या बायकोनं, मान खाली घातली. "मी घालते. तांदूळ धुतलेलं. पोरं कामावर, तुम्ही फोनमध्ये. इथं येऊन दोन शब्द बोलते. मग रिकाम्या हातानं कसं यायचं?"

जनार्दन यांनी कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या ओढून झाडांपाशी मांडल्या.

"आठ दिवस पाणी बंद," ते म्हणाले. "बोलायला मात्र रोज यायचं. मीही येईन. रिकाम्या हातानं."