नंदाआत्या, समुद्राचा चिखल आणि यासीन मास्तर

ज्यांनी आत्यांचा माइक बंद केला, त्यांनीच आज चौकात त्यांचा फ्लेक्स लावलाय.

'गावाची शान हरपली.'

शान म्हणे.

आमच्या नंदाआत्या काल दुपारी गेल्या. वडिलांची थोरली बहीण. उमरग्याकडचं आमचं गाव. घरात कन्नड, बाहेर मराठी आणि तेव्हा निजामाचं राज्य म्हणून शाळेत उर्दू. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो नोकरी लागल्यावर. मग सगळं आयुष्य समुद्राच्या तळातल्या चिखलात घातलं.

लोक विचारायचे, "त्या चिखलात काय असतंय हो?"

आत्या कंटाळायच्या नाहीत. समुद्रात राईच्या दाण्याहून बारीक जीव असतात. मेले की त्यांची कवचं तळाशी बसतात. थरावर थर, हजारो वर्षं. काही जातींना गरम पाणी मानवतं, काहींना थंड. कुठल्या थरात कोण जास्त, त्यावरून तेव्हाचा समुद्र किती तापला होता ते कळतं. कवचाच्या केमिस्ट्रीतूनही कळतं.

चिखल जहाजावरून लांब नळीत भरून यायचा. जहाजावर बाईमाणसाला नेत नसत, म्हणून आत्या लॅबमध्येच.

चाळणीत धुवायच्या, वाळवायच्या आणि मायक्रोस्कोपखाली ओल्या ब्रशच्या टोकानं एकेक कवच उचलून ठेवायच्या. मान कायमची वाकली.

मला म्हणायच्या, "पावसाळी वारं जोरात असलं की अरबी समुद्रात खालचं गार पाणी वर येतंय. मग गार पाण्यातली कवचं वाढतेत. आपल्याकडं पाऊस कधी रुसला, ते तिथं दिसतंय बघ."

एकदा एका थराचे आकडे बाकीच्यांशी जुळेनात. साहेब म्हणाले, "मॅडम, एवढा थर सोडून द्या. ग्राफ छान येतो."

"छान पायजे तर पेंटर ठेवा," आत्या म्हणाल्या.

थर राहिला. प्रमोशन गेलं.

मला वाटायचं, स्वभावच तिरसट. खरं कारण फार उशिरा कळलं.

आत्या लहान असताना गावच्या शाळेत यासीन मास्तर होते. पोरींना शाळेत पाठवा म्हणून घरोघर फिरणारे. त्यांच्याकडं एक भिंग होतं. ओढ्याच्या वाळूतला ज्वारीएवढा शंख त्यांनी आत्यांच्या तळहातावर ठेवला आणि वर भिंग धरलं.

"जल्दी नक्को कर, बेटी. आँख लगा के देख."

ते पहिलं बघणं.

मग रझाकारांचे दिवस आले. आमचे आजोबा, म्हणजे आत्यांचे अप्पा, तिरंगावाल्यांत होते. एका दुपारी रझाकार त्यांना शोधत आले. मास्तरांनी अप्पा, आजी आणि आत्या, तिघांना आपल्या घरात घेतलं, आतल्या खोलीत बसवलं आणि स्वतः दारात उभे राहिले.

"अंदर जनाना है. पर्दा है."

रझाकार परत गेले. दुसऱ्या दिवशी मास्तरांनीच बैलगाडी जुंपून दिली. आमची माणसं सोलापूरला पोचली.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेल्यावर परत आली, तेव्हा मास्तरांचं घर जळालेलं होतं.

"अप्पा, मास्तर कुठं गेले?"

"हैदराबादला गेले."

पण मळ्याकडच्या विहिरीचं पाणी गावात कुणी पीत नव्हतं. का पीत नाहीत, हे नऊ वर्षांच्या पोरीला न सांगताच कळलं.

करणारे रझाकार नव्हते. गावातलेच होते, रझाकारांचा राग मास्तरांवर काढणारे. अप्पांना नावं माहीत होती. त्यातले काही पुढं आमच्या ओट्यावर चहाला यायचे. अप्पा पाजायचे.

आत्या चहाचे कप घेऊन बाहेर यायच्या नाहीत. मार खाल्ला, पण आल्या नाहीत.

काही वर्षांपूर्वी मुक्तिसंग्राम दिनाला गावानं आत्यांचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, फेटा. आत्या समुद्रावर बोलल्या. टाळ्या पडल्या. मग सातवी-आठवीतली एक मुलगी उठली.

"मॅडम, तुमाला असलं बारीक बघायला कुणी शिकवलं?"

आत्या म्हणाल्या, "याच शाळेतल्या यासीन मास्तरांनी. त्यांनी आमचा जीव वाचवला. आन् आपल्या गावानं त्यांना मारून विहिरीत टाकलं. माझ्या वडलांना नावं ठावं हुती. त्यांनी सांगितली न्हाईत..."

माइक बंद.

लाइट गेली नव्हती. वर पंखा फिरत होता.

आत्या तशाच बोलत राहिल्या. पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं असेल. मग कुणीतरी बँजो सुरू करायला लावला.

गाडीत मी पाणी दिलं. त्यांनी घेतलं नाही.

संध्याकाळी गावातून वडिलांना फोन. "बाईला आवरा. आपल्याला एकत्र ऱ्हायचंय."

वडिलांनी माफी मागितली. फोनवर, मोठ्यानं, आत्या शेजारच्या खोलीत असताना.

आत्यांनी बॅग भरली. जाताना वडिलांना एवढंच म्हणाल्या, "तू पण अप्पांचाच."

नंतर त्या आमच्या घरी कधीच जेवल्या नाहीत. वडील आजारी पडले तेव्हा आल्या, दवाखान्यात बसल्या, पण डबा स्वतःचा आणला.

आज सकाळी मला गावातून फोन आला. "मॅडमचा एक चांगला फोटो पाठवा ना. हसरा." मी विचारलं, "माइक कुणी बंद केला होता?"

"जाऊ द्या ओ. जुनं कशाला उकरायचं?"

जुनं उकरणं हाच त्यांचा धंदा होता, साहेब. समुद्राचं उकरलं तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या.

गावाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि ते कॉमेंटमध्ये येतीलही. या.

आत्या, तुम्हाला निरोप.

आणि यासीन मास्तर, आमच्या घराचे तीन जीव तुमच्या दारात वाचले. तुमच्या मरणानंतर आमच्या घरातून कुणी एक ओळ लिहिली नाही. ही पहिली.

दोघांनाही भावपूर्ण श्रद्धांजली.