हॉर्गनने जहाज माघारी का वळवलं

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. बहिणीला नाही. ज्यांच्याबाबतीत केलं, त्यांना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही – आणि ओळखत असता, तर तुम्हालाही सांगितलं नसतं. मी एवढा भित्रा आहे, हे आधीच कळलेलं बरं.

विषय ऐकून तुम्हाला हसू येईल. येऊ द्या. टीव्हीवर एक परदेशी मालिका लागायची, हिंदीत डब केलेली. एक अंतराळयान, अथांग काळोख, आणि त्या यानाचे एकामागून एक आलेले तीन कॅप्टन. त्यातला भारी कोण? – एवढ्याशा प्रश्नावरून मी जे केलं, त्यानं मला आजही धड झोप लागत नाही. हसलात? मीही हसायचो.

आमचं गाव केज. बाजारपेठेत खाली अप्पांचं कापडाचं दुकान, वर आमचं घर. अप्पा म्हणजे माझे वडील. सकाळी लिंगपूजा करून कपाळावर भस्माचे पट्टे ओढले की त्यांचा जो आवाज सुरू व्हायचा, तो दुकान बंद होईपर्यंत. गिऱ्हाइकावर, हमालावर, आईवर, माझ्यावर. वाईट माणूस नव्हे हो. पण त्यांचा आवाज भांड्यांनासुद्धा ऐकू जायचा. मी ताटावर मान खाली घालून जेवायचो आणि जेवण उरकलं की टीव्हीपुढे बसायचो. तिथं एडलिन होता.

कॅप्टन एडलिन कधी ओरडायचा नाही. यानाला आग लागली तरी तो आधी खुर्चीत नीट बसायचा, मग हळू आवाजात विचारायचा, काय काय शिल्लक आहे? मी त्याच्यावर जीव टाकला. असा बाप असता तर – हे मी तेव्हा मनात म्हणायचो, स्पष्ट शब्दांत म्हणायचो. त्याच्यानंतर कॅप्टन मारेट आली, बोलून युद्धं थांबवणारी. आणि शेवटी हॉर्गन. म्हातारा, पोट सुटलेला, यंत्रांना शिव्या घालणारा, यान चालवतानासुद्धा काहीतरी चघळणारा. हॉर्गन मला बघवायचा नाही. का, ते तुम्हाला कळलं असेल. मला कळायला चाळिशी उजाडली.

हे कारण म्हणून सांगत नाहीये. नुसतं सांगतोय.

पुढं मी पुण्याला गेलो, नोकरी धरली, आणि फोनवर या मालिकेच्या मराठी चाहत्यांचा एक गट काढला. गट वाढला. त्या ॲपवर नंबर दिसत नाही, घेतलेलं नावच दिसतं; माझं 'सारथी'. खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. तीन कॅप्टनांची तुलना करणारे माझे लेख लोक एकमेकांना पाठवायचे. कुठल्या भागात कुणी काय निर्णय घेतला, त्याचा परिणाम काय झाला, सगळं मला तोंडपाठ. वाद झाला की लोक म्हणायचे, सारथींना विचारा. ऑफिसात मला कोण विचारत होतं? घरी तरी कोण? पण तिथं माझा शब्द शेवटचा असायचा, आणि ती चव एकदा जिभेला लागली की सुटत नाही.

मग टाळेबंदी आली. मी केजला घरी येऊन अडकलो. दुकान बंद, अप्पांचा आवाजही बंद. सिंहाला पिंजऱ्यात टाकावं तसे दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यात फेऱ्या मारायचे. एके दुपारी मी वर ती मालिका लावून बसलो होतो. अप्पा आले, उभ्या उभ्या पाहिलं, मग बसले. दुसऱ्या दिवशीही आले. तिसऱ्या दिवशी माझ्या आधी येऊन बसले, आणि मला हाक मारली – लवकर ये, लागलं बघ.

आयुष्यात पहिल्यांदा आम्हा दोघांना बोलायला एक विषय मिळाला. ते विचारायचे, हा का म्हनून गेला? ती का म्हनून थांबली? मी समजावून सांगायचो. आनंद झाला होता मला. खरंच झाला होता. आणि थोडा रागही यायचा – ती जागा माझी होती ना, त्यांच्यापासून पळून जायची!

अप्पांना हॉर्गन आवडला. अर्थातच.

एका दुपारी मी वरच्या खोलीत गट उघडून बसलो होतो. आवडता कॅप्टन कोण आणि का, असा प्रश्न मीच टाकला होता. उत्तरं येत होती. खालून, बंद दुकानातून, अप्पांचा आवाज येत होता – कुणाशी तरी फोनवर बोलत असावेत, असं वाटलं. थांबून थांबून, एकेक शब्द मोठ्यानं. थोड्या वेळानं गटात एक नवं नाव दिसलं. 'शिवभक्त'. चित्राच्या जागी बेलाचं पान. त्यानं लिहिलं होतं, म्हणजे फोनला बोलून लिहून घेतलं होतं, ना स्वल्पविराम ना पूर्णविराम –

नमस्कार मंडळी मला हॉर्गन आवडतो चिडतो लई पन पोरगं मागं राहिलं म्हनून त्यानं येवढं मोठं जहाज माघारी वळवलं आन खाली सगळ्यांना सांगितलं तेल संपत आलंय बाप मानसाला पोरासाठी वळलो म्हनून सांगता येत न्हाई

वाचलं तेव्हाच ओळखलं. न ओळखायला काय झालं होतं? मी त्यांना त्या गटाचं नाव कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं. फक्त तो माझा आहे, हे सांगितलं नव्हतं. बहिणीकडून शिकून ते तिथवर पोचले होते. कशासाठी? कॅप्टनांसाठी? या माणसाला अंतराळाशी काय देणंघेणं? ते माझ्या विषयात यायला बघत होते. माझ्याशी आणखी चार शब्द बोलता यावेत म्हणून.

हे मला तेव्हाच कळलं होतं. नंतर कळलं असं म्हणायची सोय मला नाही.

लोक हसायला लागले. एकानं लिहिलं, काका, हे अंतराळयान आहे, एसटी नव्हे. कुणी त्या भाषेची नक्कल केली. मग नेहमीसारखं – सारथी, तुम्हीच सांगा. लाज वाटली मला. ते 'मानसाला', ते 'न्हाई', ते 'मंडळी' – पुण्यामुंबईच्या त्या सगळ्या लोकांपुढं माझं घर उघडं पडलंय असं वाटलं. कुणाला ठाऊक होतं की ते माझं घर आहे? कुणालाच नाही. तरी वाटलं.

मी लिहिलं की हॉर्गनचा मुलगा त्या भागात तिथं नव्हताच. तो दुसऱ्याच तळावर होता. यान वळलं ते इंधनासाठी, आणि तसं स्वच्छ सांगितलेलं आहे. माहिती बरोबर होती. आजही बरोबर आहे. अप्पांचंच ऐकण्यात चुकलं होतं. त्या बरोबर असण्याचं मी काय करू आता?

पाठवलं, आणि खाली दुकानात त्यांचा फोन वाजला. टुंग.

जरा वेळानं त्यांचं उत्तर आलं. तुमचं बरोबर असंल सायेब पन मला तसं वाटलं.

सायेब. माझ्या बापानं मला साहेब म्हटलं. इथं तरी थांबावं की नाही माणसानं? कुणीही थांबलं असतं. मी लिहिलं, वाटण्यावर मालिका चालत नाही, काका. पोरासाठी वळणारे बाप बघायचे असतील तर सासू-सुनांच्या मालिका बघा. आणि आधी मराठी नीट लिहायला शिका, मग कॅप्टन निवडा.

टुंग.

लोकांनी ते उचलून धरलं. हसऱ्या तोंडांची रांग लागली. खाली सगळं शांत होतं. आणि मी आणखी एक वाक्य लिहिलं. त्यात काही नव्हतं. नुसतीच टवाळी. ते मी लोकांसाठी लिहिलं नाही. खाली तो फोन पुन्हा वाजावा म्हणून लिहिलं. ज्या आवाजानं मी लहानपणी ताटावरून मान वर केली नव्हती, तो आवाज गप्प बसलाय आणि मी वरून एकेक दगड टाकतोय, हे मला ऐकायचं होतं. टुंग. ऐकलं.

एवढंच असतं तर कदाचित मी कधीतरी सांगून मोकळा झालो असतो. पण ते एवढ्यावर संपलं नाही. खरं पुढंच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा पूजा आटोपून जिना चढून वर आले. गुडघे दुखत होते, कठड्याला धरून आले. भस्म अजून ओलं होतं. फोन माझ्यापुढं धरला.

"जरा बघ रं हे," म्हणाले. "ह्यो सारथी कोन हाय काय की, लई टोचून बोललाय. मी काय वाईट लिव्हलं न्हवतं. तूच लिव्ह की ह्याला कायतरी. तुला त्यातलं कळतं."

माझ्याविरुद्ध लढायला ते मलाच बोलवायला आले होते. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात, पण शेत कधी कुंपणाकडं दाद मागायला जातं का? ते आले होते. त्यांना खात्री होती की पोरगा दोन ओळीत त्या माणसाचं तोंड बंद करील.

मी फोन घेतला. माझीच वाक्यं पहिल्यांदा वाचतोय असा चेहरा करून, सावकाश, बोटानं वर सरकवत वाचली. ते माझ्या चेहऱ्याकडं बघत उभे होते. त्या क्षणी काय काय करता आलं असतं! पाय धरता आले असते. नुसतं 'हलकट आहे तो' म्हटलं असतं तरी भागलं असतं – खोटंही ठरलं नसतं.

मी म्हणालो, "अप्पा, तो बरोबर बोलतोय."

"हो का?" ते म्हणाले. मग माझ्या हातातल्या फोनकडं बघून, "मंग मीच चुकलो."

मी म्हणालो, कशाला त्या लोकांच्या नादी लागता, काढून टाकू का तुम्हाला त्यातून? त्यांनी मान हलवली. त्यांच्याच फोनवरून, त्यांच्यादेखत, मी त्यांना माझ्या गटातून बाहेर काढलं. ते 'बरं झालं' म्हणाले. जिना उतरताना स्वतःशीच पुटपुटत होते – आपल्याला काय कळतंय त्यातलं.

त्या दुपारी मालिका लागली तेव्हा ते वर आले नाहीत. डोळे दुखतात, म्हणाले. पुढंही कधी आले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा माणूस, एक मालिका सुटली, त्यात एवढं काय? मीही हेच म्हणत होतो. पण ते 'आपल्याला काय कळतंय' मालिकेवर थांबलं नाही. ते दुकानात शिरलं. सुरतेहून माल कुठला मागवायचा हे उभ्या जन्मात कुणाला न विचारणारा माणूस मला पुण्याला फोन करून विचारायला लागला. मग पंख्याचं विचारायला लागला. मग मत कुणाला द्यायचं त्याचं. आत्याच्या घरच्या भांडणात चार माणसं त्यांच्या तोंडाकडं बघत बसली, तर म्हणाले, पोराला विचारून सांगतो. पाहुणे माझं कौतुक करतात – अप्पा पोराच्या शब्दाबाहेर नाहीत, नशीब लागतं! आई म्हणते, किती निवळले बघ. घर शांत झालं. लहानपणी मी जे मागत होतो ते मला मिळालं, आणि ते मी माझ्या हातानं केलंय.

सांगायचं ठरवत नाही असं नाही. दर खेपेला गाडी मांजरसुंब्याला चहाला थांबते, तिथं मी शब्द जुळवतो. आज सांगायचंच. केज येईपर्यंत जुळवलेलं सगळं सुटतं. घरात शिरल्यावर विचारतो, जेवलात का? ते म्हणतात, तू आल्यावर जेवू म्हटलं. झालं. कधी कधी मध्येच एक विचार येतो – त्यांनी ओळखलं असेल का? त्या सकाळी गुडघे धरून ते मला एक संधी द्यायला वर आले असतील का? विचारू कसं? विचारणं म्हणजेच सांगणं.

गटातलं ते सगळं मी नंतर पुसून टाकलं. पश्चात्तापानं नव्हे, भीतीनं. गट अजून चालतो. सारथी अजून लिहितो.

या दिवाळीत आम्ही सगळे केजला होतो. फराळ चालला होता. माझ्या मुलीला आता त्या मालिकेचं वेड लागलंय. ती एकेकाला विचारत होती, तुझा आवडता कॅप्टन कोण? आजीला, आत्याला, सगळ्यांना. मग अप्पांच्या मांडीला टेकून म्हणाली, "आजोबा, तुमचा?"

अप्पांनी हातातला चिवडा ताटलीत ठेवला. तोंड उघडलं, आणि मिटलं. मग माझ्याकडं बघितलं, हल्ली प्रत्येक गोष्टीला बघतात तसं.

"कोन सांगू रं हिला?"

हॉर्गन – हे नाव माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते घेतलं असतं तर ते म्हणाले असते, अरे पण तो सारथी तर म्हनला होता की – आणि मग सारथी त्या खोलीत सगळ्यांमध्ये बसलेला दिसला असता.

मी म्हणालो, "एडलिन."

"एडलिन," अप्पांनी तिला सांगितलं.