समोरून येणारी पात

नवरा वारला तेव्हा मी पोटभर रडले आणि हळूहळू सावरलेही. मैत्रीण मात्र चांगली जिवंत आहे आणि ती काही केल्या डोक्यातून जात नाही. आर्णीला लेकाकडे राहायला गेली आणि तिनं बोलणंच टाकलं. फोन उचलत नाही. भांडण नाही, तंटा नाही. कारण सांगितलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. कारणच नाही, म्हणून मन तिथंच घुटमळतं.

कापूस वेचायला आम्ही शेजारशेजारच्या पाती धरायचो. जिची ओळ आधी संपे, ती वळून दुसरीच्या ओळीत समोरून वेचत यायची. मध्यावर गाठ पडली की हसायचो. कापूस दोघींचा एकत्रच मोजायचा.

परवा माझी पात संपली आणि मी सवयीनं शेजारच्या पातीत शिरले. मध्यावर चाहूल लागली, तशी हसतच मान वर केली.

समोर नवी मजूरबाई होती. मजुरी किलोवर, त्यामुळे ती भडकलीच. "काकू, माह्या पातीत काहून शिरून राह्यल्या?"

"चुकलं माय," म्हणत मी वेचलेला कापूस तिच्या ओटीत टाकला. तोंडावर आलेलं हसू कुठं ठेवावं, ते मात्र कळेना.