एका रात्रीत बसलेली काच

एखाद्या जुन्या गाडीच्या दाराला नवी कोरी काच दिसली की मला ती घटना अजून आठवते, आणि मी त्या गाडीच्या मालकाकडे उगाचच संशयाने बघतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण खोड जात नाही. बायको म्हणते, "तुम्ही साखरेच्या डब्याचीसुद्धा चौकशी लावाल." एकदा लावली होती. पण ते असो.

तेव्हा मी गेवराई तालुक्यात, उमापूरच्या बाजूला, एका लहान ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसाने दगा दिला होता. गावाबाहेरच्या माळावर चारा छावणी उघडली होती. आसपासच्या वस्त्यांवरची जनावरं तिथे बांधलेली असत आणि जनावरांबरोबर माणसंही तिथेच राहत. छावणी चालवत होती गावची सहकारी दूध संस्था, आणि संस्था चालवत होते तिचे चेअरमन. कुणाच्या म्हशीपुढे किती चारा पडायचा हे त्यांच्या मर्जीवर होतं. दुष्काळात अशा माणसाशी कुणी वाकडं घेत नाही.

एकाने घेतलं होतं. हा माणूस पूर्वी दर साल ऊसतोडीला जायचा. नंतर म्हशी घेऊन गावातच राहिला आणि संस्थेला दूध घालू लागला. छावणीतल्या चाऱ्यात काटा मारतात, अशी तक्रार त्याने तहसीलदारांकडे केली. तेवढ्यावर न थांबता संस्थेच्या निवडणुकीला आपण उभे राहणार असं चावडीवर सांगून टाकलं. चेअरमन आणि त्यांचं पॅनेल आजवर दर वेळी बिनविरोध निवडून यायचं. गावात कुणाला मत टाकायची वेळच आली नव्हती.

फॉर्म भरण्याच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी चेअरमन स्वतः ठाण्यात आले. सोबत त्यांचा ड्रायव्हर आणि एक संचालक. फिर्याद अशी, की छावणीवरून परत येताना त्यांच्या धावत्या जीपवर दगड आला, मागच्या दाराची काच फुटली आणि ते थोडक्यात वाचले. दगड मारणारा पळताना त्यांनी ओळखला. नाव अर्थातच त्या म्हशीवाल्याचं.

"जीवच घ्यायचा होता साहेब त्येला," चेअरमन म्हणाले. "आज काच फुटली, उद्या डोकं फुटंल."

फिर्याद नावानिशी होती आणि साक्षीदार दोन होते. मी गुन्हा नोंदवला आणि अंधार पडल्यामुळे पंचनामा सकाळवर ठेवला. सकाळी हवालदार त्या माणसाला छावणीतून घेऊन आला. मागोमाग त्याची बायकोही आली आणि आवारातल्या लिंबाखाली पिशवी मांडीवर घेऊन बसली.

माणूस घाबरलेला होता, पण बिथरलेला नव्हता. मी विचारलं, "काल संध्याकाळी कुठे होतास?"

"धारा काढत व्हतो साहेब. छावणीतच. समद्यांनी बघितलंय मला."

"मग एकाला तरी घेऊन ये सांगायला."

तो कसनुसा हसला. "कोण यील? त्येंच्या बी म्हशी तिथंच बांधल्यात." मग हात जोडून म्हणाला, "साहेब, आज फॉर्मची शेवटची तारीख हाय. दुपारपस्तोर सोडा. फॉर्म भरून मपल्या पायानं माघारी येतो. मंग काय ती चौकशी करा."

मला त्याचाही संशय आला, हे सांगितलंच पाहिजे. निवडणुकीच्या तोंडावर रागाच्या भरात दगड उचलणारी माणसं मी पाहिलेली होती, आणि गरीब चेहऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही हे या नोकरीतलं पहिलं शिक्षण. मी त्याला बाकावर बसवून घेतलं. अटक दाखवली नाही, पण सोडलंही नाही. वरून फोन सुरू झाले होते. "अटक झाली का?" एवढंच प्रत्येक जण विचारत होता. दगड कसा आला हे एकानेही विचारलं नाही.

आमच्या ठाण्याला चहा पुरवणारा एक हॉटेलवाला होता. गावातलं सगळं त्याच्या कानावर असे, पण तो तोंड फारसं उघडत नसे. त्या सकाळी कप ठेवता ठेवता तो हळूच म्हणाला, "साहेब, गाडी बघायची आसंल तर आत्ताच जावा. मागून बघायला काय ऱ्हाणार न्हाई."

मी लगेच उठलो. आधी घटनास्थळ पाहिलं. छावणीच्या मागच्या वळणावर काचेचा चुरा पडला होता, पण सगळा एकाच जागी, झाडून गोळा केल्यासारखा. गाडी धावत असती तर तो रस्त्याने लांबवर सांडत गेला असता. मी पंचांसमोर चुरा पाकिटात भरला आणि चेअरमनच्या वाड्यावर गेलो.

जीप दारात उभी होती. धुऊन लख्ख. बॉनेटवर झेंडूचा हार, पुढे लिंबू-मिरची. आणि मागच्या दाराला काच. नुसती काच नव्हे, नवी काच. तिच्या कोपऱ्यातली कागदी चिठ्ठीसुद्धा अजून निघाली नव्हती.

"ही कधी बसवली?" मी विचारलं.

"रातीच," चेअरमन म्हणाले. "आज फॉर्म भरायला मिरवणुकीनं जायचंय. फुटक्या काचेच्या गाडीत बसून शुभकामाला जातंय का कुणी? घरात माय तर गाडी दारात उभी करू देईना."

यात खोटं काही नव्हतं. आमच्याकडे फुटकी काच घरात ठेवत नाहीत, आणि निवडणुकीचा फॉर्म तर लग्नाच्या मुहूर्तासारखा भरतात. तरी मी म्हणालो, "पंचनामा व्हायच्या आधी पुरावा काढून टाकलात."

"काचंचं काय घेऊन बसलात साहेब? माणूस धरलाय ना तुमी?"

मी त्या जीपकडे बघत राहिलो. आमच्या ठाण्याची जीप म्हणजे तिची सख्खी बहीण. तेच मॉडेल, तेच दार. फरक एवढाच, की आमच्या दाराला काच नव्हती. दंगलीच्या बंदोबस्तात ती फुटली, त्यानंतर मी बीडच्या मुख्यालयाला पत्रं लिहून थकलो. शेवटी स्वतः बीडला जाऊन दुकानं पालथी घातली. जुन्या मॉडेलची काच कुणाकडेच नव्हती. तेव्हापासून आमच्या खिडकीला पेंडीचं रिकामं पोतं शिवलेलं होतं. धूळ थांबत नसे, पण पेंडीच्या वासाने छावणीतल्या गाई जीपमागे येत. लोक हसायचे. आणि जी काच मला महिनोन्‌महिने मिळाली नाही, ती या गृहस्थांना एका रात्रीत कुठून मिळाली?

मी चेहरा कोरा ठेवला आणि म्हणालो, "गाडी तपासणीसाठी ठाण्यात न्यावी लागेल. ड्रायव्हर बरोबर द्या."

चेअरमनच्या कपाळाला आठ्या पडल्या. एवढी सजवलेली गाडी मिरवणुकीआधीच जात होती. पण ते लगेच सावरले. "न्या. मी दुसऱ्या गाडीनं जातो. फक्त त्येला सोडू नका." तेव्हा मात्र माझा संशय पक्का झाला. ज्याला गाडीची काळजी रात्रभर झोपू देत नाही, तो ती इतक्या सहज देतो, म्हणजे त्याला गाडीहून मोठं काहीतरी हवं आहे.

ठाण्यात आलो तर लिंबाखालची बाई उठून समोर आली. "साहेब, ह्यांना दुपारपस्तोर सोडता का?"

"सांगता येत नाही," मी म्हणालो. खरोखरच येत नव्हतं. संशय म्हणजे पुरावा नव्हे.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, पिशवी काखेत मारली आणि फाटकाबाहेर पडली. ही आता माणसं गोळा करून मोर्चा आणणार, असं मला वाटलं. मी हवालदाराला मागावर पाठवलं. तो येऊन म्हणाला, "छावणीतल्या दोघी बाया बरुबर घेतल्या आन्‌ तालुक्याच्या यष्टीत बसली." म्हणजे कुठल्यातरी पुढाऱ्याकडे गेली असणार, असं मी गृहीत धरलं आणि कामाला लागलो.

ड्रायव्हरला मी दरडावलं नाही. दरडावलं की माणूस पाठ केलेलं बोलतो. आवारात दोन्ही जीप शेजारी शेजारी उभ्या होत्या. मी त्याला चहा दिला आणि आमचं पोतं दाखवलं. त्याला हसू आवरेना.

"हस लेका," मी म्हणालो. "तुझ्या गाडीला साहेबी थाट आणि आम्हाला पोतं. बीडात सगळीकडे फिरलो. कुणी दारात उभं करत नाही."

"बीडात कशाला गेलतात साहेब?" तो एकदम रंगात आला. "बीडात न्हाईच मिळत ही. औरंगाबादला एकजण हाय वळखीचा. त्येला फोन करायचा. मंग तो खोक्यात भुसा भरून यष्टीच्या टपावर टाकून देतो. माल लई अस्सल. बसवायला काय, मी सोता बसवतो. दाराचं आतलं कव्हर खोलायचं, रबर घालायचं, झालं."

"पण येते लवकर?"

"कुठली लवकर! आठ दिस तर धराच. आमची बी वाट बघूनच आली. गेल्या बाजाराच्या दिशी फोन केलता तवा कुठं..."

तो थांबला. चहाचा कप ओठाजवळच राहिला. आमच्या गावचा बाजार भरून आठवडा होत आला होता, आणि दगड पडला होता काल.

त्याने आधी माझ्याकडे, मग पोत्याकडे पाहिलं आणि कप जमिनीवर ठेवून दिला.

"मीच फोडली साहेब," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "छावणीमागं गाडी उभी केली. मालक म्हनले, पान्यानं हाण. माझा हात उठंना. लेकरावानी जपतो म्या गाडीला. मंग मालक वरडले, तवा हाणला. काच घरात आणून ठेवलीच व्हती. सकाळी मिरवणुकीला फुटकी गाडी नको म्हणून."

खोटा गुन्हा रचणारी माणसं मी बरीच पाहिली. कुणी स्वतःला जखम करून घेतो, कुणी स्वतःची कडब्याची गंजी पेटवतो. पण अपशकुन टळावा म्हणून नुकसानाआधीच दुरुस्तीची तयारी करणारा हा पहिलाच. काच फुटकी ठेवली असती तर त्यांचा गुन्हा टिकला असता. माझ्या हातात त्या चुऱ्यापलीकडे काहीच नसतं.

पंचांसमोर जबाब घ्यायचा, पाना जप्त करायचा, वरिष्ठांना कळवायचं, यात वेळ गेला. टेलिफोनची लाइन लागता लागेना. मी म्हशीवाल्याला "जा" म्हणालो तेव्हा फॉर्मची मुदत टळून गेली होती. त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि परत बाकावर बसला. तालुक्याला पोचण्यात आता अर्थ नव्हता. मला फार वाईट वाटलं. माणूस निर्दोष सुटला होता आणि तरी हरला होता.

तेवढ्यात फाटकात हलगी वाजली. चेअरमन गुलालाने माखून आत आले. मी त्यांना बसायलाही सांगितलं नाही.

"काच छान बसलीय," मी म्हणालो. "आठवडाभर आधी मागवलेली दिसते."

त्यांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हरने मान खाली घातली. पण चेअरमन म्हणजे मुरलेला गडी. खुर्ची ओढून बसला आणि हसत म्हणाला, "बरं मंग. समज-गैरसमज झाला म्हणा, फिर्याद माघारी घेतो. साहेब, मुदत सरली. माझी माणसं सकाळधरनं कचेरीच्या दारात व्हती. ह्यो न्हाई आला, ह्येचा सूचक न्हाई, अनुमोदक न्हाई. पॅनेल बिनविरोध. आता काचंचं काय करायचं ते करा."

म्हणजे त्यांना खटला नकोच होता. त्यांना फक्त एक दिवस हवा होता, आणि तो त्यांना माझ्या ठाण्याच्या बाकावरून मिळाला होता.

"बिनविरोध कावून?"

आवाज दारातून आला. ती बाई उभी होती, धुळीने भरलेली. मागे त्या दोघीजणी. तिने पिशवीतून घडी केलेली पावती काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"म्या भरलाय फॉर्म," ती म्हणाली. "मपल्या नावानं. ही सूचक, ही अनुमोदक. तिघी बी सभासद हाव संस्थेच्या."

चेअरमन ताडकन उठले. "तुमाला कुणी केलं सभासद?"

"तुमीच केलं की दादा. मतं वाढवायची व्हती तवा. गावातल्या समद्या बायांचे आंगठे घेतलेते, ध्यानात न्हाई का?"

माझा हवालदार तोंड फिरवून खोकायला लागला. कचेरीच्या दारातली ती माणसं सकाळपासून पुरुषांचीच वाट बघत होती. तीन बाया त्यांच्यामधून आत गेल्या, तर त्यांनी उलट वाट करून दिली असेल. बाकावरचा नवरा मात्र बायकोकडेच बघत होता.

मी चेअरमनला फिर्याद मागे घेऊ दिली नाही. गुन्हा खोटा असल्याचा अहवाल, ज्याला आमच्या भाषेत 'ब समरी' म्हणतात, तो न्यायालयात पाठवला आणि खोटी फिर्याद दिल्याबद्दल त्यांच्यावर कारवाईची परवानगी मागितली. ती यायच्या आधी माझ्या बदलीचा आदेश आला. अपेक्षित होता.

ड्रायव्हरची नोकरी गेली. पुढे तो दुसऱ्याची काळीपिवळी टॅक्सी चालवू लागला. आमच्या जीपची काच त्यानेच औरंगाबादहून मागवून बसवली, असं मला नंतर कळलं.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. मोडलेल्या वस्तूकडे सगळेच बघतात. पोलिसाने आधी दुरुस्त झालेली वस्तू बघावी आणि ती इतक्या लवकर कशी दुरुस्त झाली ते विचारावं. दुसरं म्हणजे संशय सगळ्यांवर सारखाच घ्यावा. मी त्या बाईवर मोर्चा आणण्याचा संशय घेतला, पण ती स्वतः उमेदवार होईल हा संशय मला शिवलाही नाही. चेअरमनलाही नाही.

निवडणूक झाली. पॅनेल आलं, पण एक जागा गेली, ती या बाईने जिंकली. हॉटेलवाल्याने मला नंतर सांगितलं, की संचालकांच्या पहिल्या बैठकीत चहापाणी झाल्यावर चेअरमननी सवयीने विचारलं, "कुणाला काय बोलायचंय का?" आजवर त्यावर कुणी बोलत नसे. ही बाई पदर सावरून उभी राहिली आणि म्हणाली, "हाय. छावणीतला काटा उद्या समद्यांम्होरं तपासायचा. आन्‌ तुमच्या गाडीची काच कुणाच्या पैशानं आली, त्ये आधी सांगा."

त्या बैठकीला दुसरा विषय घेता आला नाही म्हणतात.