दीनाअक्कांची सुई

दीनाअक्का रोज सकाळी उंबऱ्यावर बसून सुईत दोरा ओवायच्या. शिवायचं काहीच नसायचं. प्रार्थना झाली, चहा झाला की क्रीमच्या रिकाम्या डबीतून एक बारीक सुई निघायची, पांढऱ्या रिळाचा दोरा दातानं तुटायचा, आणि उजेडाकडे सुई धरून त्या एका फटक्यात दोरा पार करायच्या. मग दोऱ्यासकट सुई पोलक्याच्या खांद्याला टोचायची, बाळंतपणाची बॅग उचलायची आणि पहूरच्या गल्ल्यांतून चालू पडायचं. म्हातारीला काहीतरी चळ लागलाय, असं मला पहिला आठवडाभर वाटत होतं.

पंच्याऐंशीच्या सुमारास मी तिथल्या प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले. नवरा दीपनगरला वीजकेंद्रात नोकरीला, शनिवारी यायचा. माझी खोली अक्कांच्या भिंतीला भिंत लावून. त्या मूळच्या धुळ्याकडच्या. मिशनच्या दवाखान्यात सगळी उमर नर्स म्हणून काढली, आणि निवृत्त झाल्यावर जिथं बाळंतपणाला कुणी नाही असं गाव विचारून विचारून इथं आल्या. गावात ख्रिस्ती घर त्यांचं एकटीचं. रविवारी पांढरं पातळ नेसून एस.टी.नं जळगावला उपासनेला जायच्या. माझं माहेर धुळ्याचं आहे हे कळलं, त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी शाळेतली मराठी सोडून धुळ्याकडची बोलीच धरली.

सुईचं मी विचारलंच. म्हणाल्या, "बायबल माले पाठ शे. ते वाचीसन डोयाची परीक्षा कशी व्हई? म्हनीसन सुई. ज्या दिवशी दोरा जावाव नही, त्या दिवशी बॅग खाटखाले ठेवसू." तरुणपणी त्यांच्यावर एक म्हाताऱ्या वरिष्ठ नर्स होत्या. हात थरथरायला लागले तरी त्यांनी काम सोडलं नाही. पुढं काय झालं ते अक्कांनी कधी सांगितलं नाही. फक्त म्हणायच्या, "मी देखेल शे."

अक्कांना कशातूनही धडा सापडायचा, आणि तो आपल्यालाही सापडलाच पाहिजे असा त्यांचा आग्रह असायचा. खरं सांगते, कधी कधी डोकं उठायचं. एकदा माझा स्टोव्ह पेटेना. शाळेची घंटा व्हायची वेळ. अक्का आल्या, पिन घातली, काजळीचा कण काढला आणि पिन माझ्या नाकासमोर धरली. "देख, इतलासा कचरा, अन् बठ्ठा स्टोव्ह थंडा. मनमा बी असाच बठस. तू मनले रोज पिन मारस का?" मी म्हटलं, "अक्का, मी मनाला संध्याकाळी पिन मारीन. आत्ता पोळ्या होऊ द्या." त्या पोट धरून हसल्या, पण धडा काही मागं घेतला नाही.

म्हातारपणाचा धडा त्यांना केळीच्या बागेत मिळाला होता. घड उतरवला की तिकडं केळीचं खोड लगेच मुळासकट काढत नाहीत. वरचं तोडून खालचं उभं ठेवतात, त्यातला रस शेजारी फुटलेल्या पिलाला, नव्या कोंबाला मिळतो. अक्का बांधावर थांबून अशा एका खोडाकडे बोट दाखवत म्हणाल्या, "घड गया, पन पानी शे. तठलोंग देव उभं ठेवस." त्यांना तसं उभं राहायचं होतं. उपयोगाचं राहायचं होतं. हे मला तेव्हाच नीट समजायला हवं होतं.

तिसऱ्या वर्षी दोरा चुकायला लागला. आधी दोनदा, मग पाच-सहादा. मी भांडी घासता घासता बघायची आणि बघत नाहीये असं दाखवायची. एका सकाळी पाव तास झाला. टोक ओलं करायच्या, पिळायच्या, सुई उजेडाकडे धरायच्या, दोरा बाजूनं निघून जायचा. शेवटी त्यांनी सुई डबीत ठेवली. शब्दाच्या पक्क्या होत्या. बॅग खाटेखाली गेली. दोन दिवस त्या उंबऱ्यावर नुसत्या बसून राहिल्या, जेवल्याही नाहीत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं काढलं तर म्हणाल्या, "नंतर देखू."

माझ्यानं ते बघवलं नाही. आठवडी बाजारातून मी गोधडी शिवायची सुई आणली, लांबट, मोठ्या नेढ्याची. त्या अंघोळीला गेल्या तेव्हा डबीतली बारीक सुई काढून घेतली आणि ही ठेवली. मग गळ घातली, "अक्का, आज ऊन चांगलंय, पुन्हा बघा ना." दुसऱ्याच प्रयत्नाला दोरा गेला. अक्कांनी सुई बराच वेळ दोन बोटांत फिरवली. मग "प्रभूनी दया" म्हणाल्या आणि बॅग ओढून काढली. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी शाळेत पोरांना खाऊ वाटला.

त्यानंतर चार महिन्यांनी कमलचं बाळंतपण आलं. कमल म्हणजे आमच्याच गल्लीतल्या आबांची सून, वय एकोणीस, पहिलटकरीण. सकाळी अकराला पाणमोट फुटली. अक्का तिथंच होत्या. सगळं ठीक आहे म्हणाल्या, धीर देत राहिल्या. दुपारी चारला मुलगा झाला. रडला, पण कण्हल्यासारखा. दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. आबांनी त्याला दुपट्यात गुंडाळून नेलं. गल्लीत जो तो म्हणाला, नशीब. कमल रडली नाही.

तिसऱ्या दिवशी अक्का आणि मी तिला बघायला गेलो. तिची सासू अंगणात बाळंतपणातली फडकी धूत होती. आपल्याशीच म्हणाली, "कितीबी घासा, हा हिरवा डाग जातच नही." अक्का थबकल्या. "कसा डाग?" त्यांनी ते ओलं फडकं घेतलं, उन्हात नेलं, अगदी डोळ्यांजवळ धरलं आणि तशाच उभ्या राहिल्या. पाणमोटेचं पाणी हिरवं असतं तेव्हा बाळ आत गुदमरलेलं असतं, हे त्यांनीच मला पूर्वी सांगितलं होतं. अशा वेळी क्षणभर थांबायचं नाही, मिळेल त्या गाडीनं जळगाव गाठायचं. अकरा ते चार वेळ होता. आबांच्या दारात जीप होती.

त्या अंगणात हिरव्याचा अर्थ आम्हा दोघींनाच माहीत होता. गप्प बसलं असतं तर जन्मात कुणाला कळलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांच्या ओसरीवर माणसं बसलेली असताना अक्का गेल्या. मी मागोमाग. सासूनं पाट पुढं केला, त्या बसल्या नाहीत. उभ्यानंच म्हणाल्या, "आबा, पाणी हिरवं होतं. मला दिसलं नाही. दिसलं असतं तर पोरगं कदाचित वाचलं असतं. माझे डोळे गेलेत आणि मी काम सोडलं नाही. ही माझी चूक आहे."

आबांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "तुमी सांगतलं नसतं तं आमाले कळलंबी नसतं."

"म्हणून सांगितलं," अक्का म्हणाल्या.

आत कमलनं टाहो फोडला. चार दिवसांचं सगळं रडणं एकदम बाहेर आलं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. सुईची गोष्ट सांगायची हीच वेळ होती. मी न सांगताच घरी आले.

त्या दिवसापासून अक्कांना कुणी बोलावलं नाही. शिव्या कुणी दिल्या नाहीत. पण बायका त्यांच्या दारावरून जाताना पदर ओढून पलीकडच्या कडेनं जायच्या. कमल तर गल्ली बदलून पाणी भरायची. पण मला सगळ्यात जास्त छळलं ते हे की अक्कांचे धडे थांबले. एकदा मी मुद्दाम स्टोव्ह बिघडवून त्यांना हाक मारली. त्यांनी चाचपत पिन घातली, कण काढला, पिन माझ्या हातात दिली आणि निघून गेल्या. ऑपरेशनचं पुन्हा काढलं तर म्हणाल्या, "आते काय देखनं शे?"

माझी जळगावला बदली झाली. महिन्या-दोन महिन्यांनी मी जाऊन यायची. शेवटी त्या अंथरुणालाच खिळल्या. दिसणं पार बंद झालं होतं. गल्लीतली एक विधवा बाई तेवढी दोन वेळा भाकरी आणून द्यायची. अशाच एका दुपारी मी त्यांचे पाय चेपत होते आणि एकदम रडू फुटलं. म्हटलं, "अक्का, ती सुई मी बदलली होती."

"माले मालूम शे."

मी पाय सोडले. "कधीपासून?"

"पहिलाच दिनपाईन. वीस वरीस ती सुई मन्हा हातमा व्हती. बोटले कयत नही का?" मग म्हणाल्या, "बोलती तं बॅग ठेवनी पडती. माले ठेवनी नव्हती. तू सुई बदली, पोरी. दोरा मीच ओवा."

मला वाटलं, आता त्या माझ्या डोक्यावर हात ठेवतील, माफ केलं म्हणतील. तसं काही झालं नाही. त्यांनी आपला वाटा उचलला होता, माझा माझ्याकडेच ठेवला. उशीकडे तोंड फिरवताना एवढंच म्हणाल्या, "कमलले सांग." मी हो म्हटलं.

हो म्हटलं, पण त्या दिवशी तशीच परतले, आणि पुढे चार महिने पहूरला गेलेच नाही. कधी परीक्षा, कधी पाहुणे. अक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वह्या तपासत होते. जळगावच्या ख्रिस्ती स्मशानात त्यांना पुरलं. पहूरहून फक्त ती भाकरीवाली बाई आली होती. मूठभर माती टाकली, आणि तिथूनच मी पहूरची एस.टी. धरली.

कमल ओसरीवर गहू निवडत होती. आता तिला दोन मुलं होती, दोन्ही जळगावच्या दवाखान्यात झालेली. तिनं पाट पुढं केला. मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं आणि पर्समधून ती बारीक सुई काढून दाखवली.

कमलनं ती हातात घेतली नाही. सुपातले खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "अक्काले पुरूनच आल्या ना, बाई?"

मी मान हलवली.

"त्या जित्या होत्या तवा सांगतलं असतं तं बरं झालं असतं," ती म्हणाली. "इतले वर्स मी त्यायच्या एकटीचाच राग केला."